आधी नकार सांगा

माझ्या बायकोसमोर कोणी ‘बघू’ म्हटलं की तिचं डोकं फिरतं. ‘बघू’ म्हणजे इस्त्री केलेलं ‘नाही’, असं तिचं मत आहे. अंजली महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. तिचा धाक मात्र अजून नोकरीत आहे. बारावीचा निकाल लागला की जेलरोडच्या आमच्या कॉलनीतल्या विहारालगतच्या हॉलमध्ये ती टेबल टाकून बसते. कोणत्या मार्कांना कुठलं कॉलेज लागेल, अर्ज कसा भरायचा, फी झेपत नसेल तर कुठली सवलत मागायची, हे सगळं पगारे मॅडम फुकट सांगतात, हे आता सिन्नर फाट्यापासून देवळाली गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो. माझ्याकडे दोनच खाती, प्रिंटर आणि स्कूटर.

तिची एक पद्धत आहे. कॉलेजांची यादी उघडण्याआधी ती घरच्यांकडून नकार मागून घेते. “पोरीला कुठे पाठवणार नाही ते आधी सांगा. होकाराचं नंतर.” ही पद्धत तिला एका बापाने शिकवली. त्याच्या मुलीला मुंबईत जागा लागली, कॉलनीभर पेढे वाटले गेले, आणि प्रवेश घ्यायच्या दिवशी हा म्हणाला, मुंबई नको. ऑनलाइन प्रवेशाचा नियम कडक आहे. पसंतीक्रमात तुम्ही एक नंबरला लिहिलेलं कॉलेजच लागलं, तर ते घ्यावं लागतं. मुदतीत घेतलं नाही तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाद. मग लांबचंही नाही आणि गावातलंही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या मुलीचं तसंच झालं, आणि अंजलीने ते मनाला लावून घेतलं.

यंदा अरफा आली तेव्हाही तिने आधी नकारच मागितला. अरफाचे वडील कादरभाई मन्सूरी यांचं देवळाली गावात गाद्यांचं दुकान आहे. ते पोरीशेजारी बसले. मागच्या खुर्चीवर त्यांची थोरली बहीण बसली, जुलेखा आपा. अरफाची आई ती लहान असतानाच वारली. पोरीला या फूफीनेच वाढवलं. आपा सगळा वेळ हॉलचं छत न्याहाळत होत्या.

“कादरभाई, पुणे चालेल?” अंजलीने विचारलं.

“मॅडम, तुम्ही बोलाल ते.”

“मी बोलायचं नाही. तुम्ही बोला. हॉस्टेलला ठेवाल?”

“ठेवू ना. पोरगी हुशार आहे.”

नकार एकही आला नाही. अंजली खूश झाली. एक नंबरला पुण्याचं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. शिकवण्याची फी मुलींना माफ, त्याचे दाखले कादरभाईंकडे तयार. खानावळीच्या खर्चासाठी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती अंजलीने स्वतः शोधून ठेवली. अर्जात मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा म्हटल्यावर अरफा म्हणाली, “फूफीचा द्या. अब्बू ऑफर बघून कार्ड बदलतात.” अंजलीने नंबर टाकला. टाकताना तिने मागच्या खुर्चीकडे पाहिलंही नाही, हे मी पाहिलं होतं. पण प्रिंटरवाल्याला कोण विचारतो?

पहिल्या फेरीची यादी लागली. अरफाला पुणे मिळालं, तेही तिने मागितलेलंच. फूफीच्या नंबरवरून तिचा मेसेज आला आणि त्यात शब्दांपेक्षा फुलंच जास्त होती. अंजलीने कळवलं, जागा लगेच मान्य कर, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कादरभाईंचा फोन बंद, आपांचा नुसता वाजत राहायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी अंजलीने ताटावरून उठून चप्पल घातली. “काढा स्कूटर.”

“संध्याकाळपर्यंत मुदत आहे. घास तरी संपव.”

“एका पोरीच्या वेळी मी घास संपवत बसले होते,” ती म्हणाली. मी किल्ली घेतली.

बिटको चौकात सिग्नलला अडकलो तर ती मागून माझ्या खांद्यावर बोटं वाजवत होती. मला भीती वाटत होती, खरं सांगतो. जागा गेली तर अरफाचं वर्ष जाणार होतं. आणि कादरभाई दुसऱ्या वर्षी तिला घरात ठेवतील की कोणाच्या घरी देतील, कोण सांगणार?

दुकानात मशीन बंद होतं. कादरभाई कापसाच्या ढिगाशेजारी उभे होते. आम्हाला बघताच त्यांची मान खाली गेली. आतल्या दारात अरफा उभी होती. तिचे डोळे सुजले होते. आपा गादीच्या अभ्र्याला टाके घालत बसल्या होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही.

“काय झालं?” अंजलीने विचारलं.

“बघू, मॅडम,” कादरभाई म्हणाले.

झालं! मी डोळे मिटले. पण माझी बायको ओरडली नाही. तिने अरफाला जवळ बोलावलं, बापासमोर उभं केलं आणि म्हणाली, “बघायला आता वेळ उरलेला नाही. हिच्या तोंडावर ‘नाही’ म्हणा, मी निघते.”

कादरभाईंनी पोरीकडे पाहिलं. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

“मी म्हणते,” आपा म्हणाल्या. “नाही.”

अरफाने तोंडावर ओढणी घेतली. अंजली वळली. “का, आपा? त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात. तेव्हा का बोलला नाहीत?”

“तू विचारलंस का?”

आपांनी सुई कापडात खोचून ठेवली.

“बापाला विचारलं. पोरीला विचारलं. मोबाइलचा नंबर माझा घेतला, तो पण पोरीच्या तोंडून. हा कादर शिकल्यासवरल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाही. आमच्यात ते बरं दिसत नाही. त्याचं हो काय धरून बसलीस? आणि ही पोर बिनआईची. उद्या तिकडं काही झालं तर लोक याला नाय विचारणार. मला विचारतील. मग आज मला कोणीच कसं विचारलं नाही?”

अंजलीचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. बाईच्या वतीने बुवाने उत्तर दिलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरातला माझा बराचसा अनुभव त्यावरच आधारलेला आहे. आणि तिनेच बुवाचं ऐकून कामाला लागायचं! मला तिची दया आली, आणि या घरच्या पोरीची काळजी तर होतीच.

ती खाली कापसाच्या ढिगापाशी मांडी घालून बसली.

“चुकलं माझं. आता विचारते. अरफाला पुण्याला पाठवाल? नकार आधी सांगा.”

“थांब, सांगते,” आपा म्हणाल्या. घाई त्यांना नव्हतीच. घाई फक्त आम्हाला होती. “रातच्या गाडीने ती एकटी येणार-जाणार नाही.”

“नाही येणार.”

“हॉस्टेल मी स्वतः बघणार. दाराची कडी बघणार, वर राखण करणारी बाई कोण ते बघणार. पसंत नाही पडलं तर दुसरीकडे ठेवणार.”

“मी येते तुमच्याबरोबर.”

“आणि तिचं मन नाही लागलं तर तिला परत आणणार. मग कोणी म्हणायचं नाही की फूफीने शिकू दिलं नाही.”

इथे अंजली अडखळली. परत आणलेल्या मुली पुन्हा जात नाहीत, हे तिला माहीत होतं. वाद घालायची तिची जन्माची सवय मला तिच्या गळ्याशी आलेली दिसली. ती तिने गिळली.

“आणा,” ती म्हणाली. “कोणी काही म्हणणार नाही.”

आपांनी अरफाकडे पाहिलं. “तू बोल. लागेल मन?”

“माहीत नाही, फूफी,” अरफा म्हणाली. “पण मला जायचंय.”

आपांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. अरफाने अंजलीच्या मोबाइलवर पान उघडलं. शेवटचं बटण दाबण्याआधी नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येणार होता, म्हणजे आपांच्या हातात. पान आधी उघडेना. मग उघडलं आणि मध्येच अडकलं. संध्याकाळ होत आली होती. अंजली उठून अरफाच्या खांद्यावरून वाकली.

“तू बाहेर थांब,” आपा अंजलीला म्हणाल्या.

“अहो, पण…”

“तो नंबर कोणाला सांगायचा नसतो. फोनमध्ये ती बाई रोज सांगते. कादर, तू पण हो बाहेर.”

आम्ही तिघंही दुकानाबाहेर उभे राहिलो. समोर नारळवाला, मागे पडदा. आतून फोनची टिंग आली. मग काहीच नाही. अंजलीने माझा हात धरला, भर रस्त्यात. कादरभाई पुटपुटत होते, ती दुआ होती. मी काय म्हणत होतो ते मलाच आठवत नाही.

पडदा सरकला. आधी अरफा आली आणि अंजलीच्या गळ्यात पडली. मोबाइल तिने माझ्या हातात दिला. जागा मान्य झाली होती. कादरभाई मटकन फुटपाथवरच बसले आणि रडू लागले.

मागून आपा आल्या. त्यांच्या गळ्यात माप घ्यायची पट्टी होती.

“हॉस्टेलच्या खाटेचं माप काय असतं? गादी भरायला घेते.”

एवढ्या वर्षांत कॉलेजची एखादी गोष्ट अंजलीला विचारली आणि तिला आली नाही, असं मी पाहिलं नव्हतं.

“माहीत नाही, आपा. उद्या विचारून कादरभाईंना…”

“कादरला नाही,” आपा म्हणाल्या. “मला येऊन सांग.”