ताटाच्या कडेचे दाणे

कळंबच्या बसस्थानकावर तुळजापूरच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा गुरुलिंगआप्पांच्या सुनेचा, सुमनचा फोन आला. "काका, आप्पा गेले हो..." एवढंच बोलली. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. मी बाकड्यावर बसूनच राहिलो. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला आधी आठवलं ते पत्र. आप्पांचं पत्र सहा महिने माझ्या कपाटात पडून होतं.

आप्पा आमच्या शाळेत खेळाचे मास्तर, मी इंग्रजीचा. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, आप्पा लागले फुटबॉलच्या विश्वचषकामागं. तेही कोण जिंकतो ह्यासाठी नव्हे, तर पात्रता फेरीसाठी! आशियातल्या अगदी खालच्या देशांना सुरुवातीला दोनच सामने मिळतात, त्यात हरले की पुढच्या विश्वचषकापर्यंत बसा घरी, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. "चार वर्सं वाट बगायची अन् दोन सामन्यांत खेळ खलास? ह्येला काय इन्साफ म्हणत्यात व्हय, सर?" असं मलाच दरडावून विचारायचे, जणू नियम मी केलाय.

ह्याचं मूळ त्यांच्या गावात, सोनारीत होतं. शाळकरी वयात त्यांचा संघ तिथून परंड्याला तालुक्याच्या स्पर्धेला आला, पहिलाच सामना एका गोलानं हरला आणि दुपारच्या आत परत निघाला. "भाकरी वाटंत सोडल्या बगा, पन घास उतरंना," आप्पा सांगायचे. तो संघ पुन्हा कधी जमलाच नाही.

रोज सकाळी ते ओसरीवर पितळी ताट घेऊन बसत. हरभरे म्हणजे मोठे देश, ज्वारीचे दाणे म्हणजे छोटे. गट पाडायचे, सामने लावायचे. हरलेला दाणा बाहेर टाकायचा नाही, ताटाच्या कडेला सरकवायचा. मग कडेवरच्यांचे आपसांत सामने आणि त्यांतला पहिला पुन्हा मधे. "दाना भुईवर टाकू नये, एवढं तर आपल्यात लेकराला बी कळतंय," म्हणायचे. मी चेष्टा करायचो, "आप्पा, सामने वाढले की तारखा कुठनं आणायच्या?" गडी महिनाभर खपला. खालच्या देशांनी एकाच गावी जमायचं, जत्रंसारखं, आणि आठवड्यात सगळी फेरी उरकायची, असं बसवून दाखवलं. लई डोकं होतं हो माणसाला!

मग चार पानं लिहून माझ्या हाती दिली. इंग्रजीत करून फुटबॉलच्या जागतिक संघटनेला धाडायची होती. "करतो की," म्हणालो. मग पुढचा रविवार, मग सण, मग पुतणीचं लग्न... आप्पांनी एकदाही तगादा लावला नाही. शेवटच्या भेटीत मीच ओशाळून विषय काढला, तर खोकत खोकत म्हणाले, "होऊ द्या सावकाश. विश्वचषक कुठं पळून चाललाय?" मी चहा प्यालो आणि निवांत घरी आलो. कसला दगड माणूस मी!

पाचव्या दिवशी पानं घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर ताट तसंच होतं. "आप्पांनी मांडल्यालं हाय, हात लावू वाटंना," सुमन म्हणाली. तिथंच बसून लिहायला घेतलं. तीन तासांत झालं. तीन तास! ज्यासाठी त्या माणसानं सहा महिने वाट बघितली, ते काम तीन तासांचं होतं.

चौथं पान मी आजवर उलटलंच नव्हतं. त्याच्या तळाला आप्पांनी लिहिलं होतं : 'हे पत्र पोचायला उशीर झाला तर माफी असावी. इंग्रजी माझ्या मित्राचं आहे आणि त्याच्यामागं कामं फार असतात.'

पानं देतानाच आप्पा ओळखून होते मला. तरी दिली. मी ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

पत्र धाडलं. ती दोन वाक्यं गाळावीत असं फार वाटलं, पण गाळली नाहीत. उत्तर येईल न येईल. त्या दिवशी उठताना ओसरीच्या फरशीवर ज्वारीचा एक दाणा पडलेला दिसला. उचलला आणि ताटाच्या कडेला, बाकीच्यांच्या रांगेत ठेवला.