पोकळ नावाची स्टेप

क्रांती चौकातून पुण्याची ट्रॅव्हल्स सकाळी साडेसहाला सुटायची. मी बॅग डिकीत टाकली तेव्हा मला सोडायला घरचं कुणी नव्हतं. फुलंब्री काही फार लांब नाही, पहिली एसटी धरली असती तरी अप्पा वेळेत पोचले असते. ते आले नाहीत. आईनं आदल्या दिवशी दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जाताना कुणाशी भांडू नको माय." सोडायला आला होतात ते तुम्ही, कडप्पा क्रूची पाच पोरं, ढगळ पँटी आणि कापलेल्या माकडटोप्या घालून. फुटपाथवर गोल केला, मोबाइलवर गाणं लावलं आणि एकेक जण आत उतरून नाचायला लागला. ड्रायव्हर हॉर्न देत होता. फिरायला निघालेले एक काका थांबले आणि म्हणाले, "सकाळी सकाळीच नशा केली का रं?" मी त्या काकांशी भांडत भांडतच गाडीत चढले. रडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

हे मी उस्मानपुऱ्यात राहिलेल्या तुमच्यासाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे पुणे, हैदराबाद, बंगळुरू असे पांगले त्यांच्यासाठीही. आईच्या हातची चव, गावची माती असलं काही वाचायचं असेल तर इथंच थांबा. मी चिडलेली आहे. सहा वर्षं झाली, राग उतरत नाही, आणि आता तर त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

मी फुलंब्रीहून कॉलेजला एसटीनं येणारी पोरगी. उस्मानपुऱ्यात एक कॉम्प्लेक्स अर्धवट बांधून पडलं होतं. त्याच्या तळमजल्यावर दुपारी कुणीतरी डोक्यावर गरागरा फिरताना दिसलं आणि मी रस्ता सोडून आत गेले. तो अयाज. कामानं फरशी बसवणारा मिस्त्री, तिथलीच फरशी त्यानं बसवली होती. दोन वाजता काम संपलं की त्याच फरशीवर तो ब्रेकिंग करायचा, म्हणजे हातावर, खांद्यावर, डोक्यावर तोल घेऊन जमिनीलगत करायचा नाच. कुठली फरशी घसरते, कुठली कातडं सोलते, कुठं खांदा टेकवायचा नाही, हे तो नुसता तळवा फिरवून सांगायचा. क्रूला कडप्पा हे नावही त्याचंच. मी दारात उभी राहून बघत होते तर म्हणाला, "क्या देखरी? बूट काढ, ये."

टोप्या कापायची आयडिया मयूरची, आमच्यातला सगळ्यात लहान. डोक्यावर फिरायला बाहेरच्या देशात पोरं खास टोप्या वापरतात, त्या इथं कुठून आणायच्या? मग त्यानं आजोबांची माकडटोपी कानापाशी कापली. आजोबांनी त्याला बदडला, पण टोपी चालली. जुन्या बाजारातून वजनावर घेतलेल्या पँटी, गुडघ्याला पट्ट्या आणि त्या टोप्या असा आमचा अवतार. माणसं आम्हाला गर्दुल्ले म्हणायची आणि आमच्यात सुपारीचं खांडसुद्धा कुणी खात नव्हतं. श्वास पुरत नाही म्हणून अयाजचा नियमच होता तसा. हवालदार खिसे उलटे करायचा आणि त्यात निघायचा काय, तर तळहाताला लावायचा पावडरचा डबा.

मी नाचते हे घरी कळलं ते कुणीतरी काढलेल्या व्हिडिओमुळं. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोण कोण असतं तिथं? नावं सांग." मी नावं सांगितली. अयाजचं नाव आलं आणि ते गप्प झाले, ते पुढं माझ्याशी बोललेच नाहीत. आईला मात्र वेगळाच घोर. "डोक्यावर उभी राहू नको गं, केस गळतेत." भावकीतल्या एकानं येऊन सांगितलं की पोरीचं लवकर उरका. ज्यानं हे सांगितलं त्याचा स्वतःचा पोरगा दोनदा ग्रामपंचायतीसमोर पिऊन पडला होता. त्याच्या घरी कुणी गेलं नाही. मला अजून हे आठवलं की कानशिलं तापतात.

आता आमचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. ब्रेकिंगमध्ये काही स्टेप्स सगळ्यांच्या असतात, त्या कुणीही कराव्यात. पण एखाद्यानं स्वतः घडवलेली स्टेप त्याची असते. ती हवी असेल तर गोलात, सगळ्यांसमोर, त्याच्याकडं मागायची. तो "ले" म्हणाला तर ती तुमची. नाही म्हणाला तर पुन्हा कधीतरी मागायची. न मागता केली तर समोरचा दोन्ही हात लांब करून एकमेकांवर आपटतो, मगरीनं जबडा मिटावा तसे. त्याचा अर्थ चोर. मयूरनं अयाजची एक साधी फिरकी दोन महिने मागितली होती, तेव्हा कुठं मिळाली.

अयाजची सगळ्यात भारी स्टेप म्हणजे पोकळ. फरशी बसवून झाली की मिस्त्री ती ठोकून बघतात, खाली सिमेंट नीट भरलं नसेल तर आवाज पोकळ येतो. अयाज उकिडवा बसून फरशी बसवतात तसा मागं मागं सरकायचा, तीनदा ठोकायचा, आणि चौथ्या ठोक्याला एका हातावर सगळं अंग उचलून, पाय वर हवेत सोडून, कान जमिनीला लावून गोठल्यासारखा थांबायचा. ऐकत राहायचा. बघणारे पण श्वास धरून ऐकायला लागायचे. ही स्टेप मागायची हिंमत आमच्यात कुणी केली नव्हती.

पुण्यात मी डान्स स्टुडिओत शिकवायच्या जागेसाठी ऑडिशनला गेले. समोर आरसे, लाकडी फ्लोअर, एसी. बाकीच्यांची मापात शिवलेली ट्रॅक पँट आणि मी माझ्या ढगळ अवतारात. दोन राउंड निघाले. तिसऱ्याला मनगट सटकलं, पुढचं सगळं विसरलं, आणि अंगानं आपणहून पोकळ केली. स्टुडिओचे सर खुर्चीतून उठले. "हे काय होतं? रॉ आहे, एकदम रॉ!" म्हणाले. कुणी हात आपटले नाहीत. आपटणार कोण, तिथं कुणाला माहीत होतं?

नोकरी मिळाली. ऑडिशनची क्लिप सरांनी टाकली, ती लाखो लोकांनी पाहिली. स्टेपचं नाव सरांनी ठेवलं डेक्कन ड्रॉप आणि खाली माझं नाव टाकलं. मी त्या दिवशी अयाजला फोन करणार होते. मग दुसऱ्या दिवशी करणार होते. तेवढ्यात त्यानंच क्लिपखाली अंगठा टाकला, फक्त अंगठा. त्यालाच मी परवानगी समजले. आमचा नियम मला तोंडपाठ होता, तरी मी त्या पिवळ्या अंगठ्याला "ले" समजले आणि वर्षानुवर्षं वीकेंडच्या बॅचला पोकळ शिकवत राहिले. "खाली काहीतरी ऐकताय असं इमॅजिन करा," म्हणायचे. काय ऐकायचं ते एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मयूरचा फोन आला. आता क्रू तोच चालवतो आणि जॅम, म्हणजे नाचणाऱ्यांचे मेळावे, भरवतो. "मॅडम, उस्मानपुऱ्यात जॅम ठेवलाय आपण. तुम्ही यायचं बरं का." मॅडम! ज्या पोराला मी हातावर उभं राहायला शिकवलं, मनगटाला तेल चोळून दिलं, तो मला अहोजाहो करत होता. मी विचारलं, अयाजभाई असेल का? "असतेत की. ते तर पहिले."

मी पुण्याहून निघाले ती भांडणाच्या तयारीनं. अयाज सगळ्यांसमोर मला चोर म्हणणार हे मी धरूनच चालले होते. गाडीत बसल्या बसल्या उत्तरं जुळवली. भाड्याची खोली, मनगट, सर, एकटी पोरगी, सगळं बाहेर काढणार होते. आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून मी रात्रभर झोपले नव्हते.

हॉलच्या दारात माझा फ्लेक्स लावलेला. "शहराची शान" असं वर आणि खाली पाय वर केलेला माझा फोटो, पोकळ करतानाचा. आत पोरांचा गोल तयार होता, त्याच्या एका बाजूला कापड घातलेली खुर्ची. मला त्या खुर्चीत बसवलं. चाळीस-पन्नास पोरं जमिनीवर आणि मी खुर्चीत. मयूरनं माइक घेतला, माझ्यामुळं शहराचं नाव कसं मोठं झालं ते सांगितलं आणि म्हणाला, "मॅडमचा सत्कार अयाजभाईंच्या हस्ते होईल."

अयाज आला. दाढीत दोन-चार पांढरे, बोटांना तेच सिमेंट. त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटोला उभा राहिला. मी हळूच म्हटलं, "अयाजभाई, काही बोलायचं नाय का तुला?" तो म्हणाला, "क्या बोलना? आप बडे लोग. चहा घेणार का?"

आप. चहा घेणार का. मला आयुष्यात कुणी शिव्या दिल्यावर लागलं नसेल तेवढं ते लागलं. म्हणजे मी इतकी परकी झाले की मला चोर म्हणायचीही कुणाला गरज वाटेना. क्रूतला माणूस चुकला तर त्याला गोलात खेचतात. पाहुणा चुकला तर त्याला चहा विचारतात.

मी शाल खुर्चीवर फेकली, नारळ मयूरच्या हातात कोंबला, बूट काढले आणि गोलात उतरले. गाणं चालू होतं. उकिडवी बसले, मागं सरकत सरकत थेट अयाजच्या पायापर्यंत गेले, तीनदा ठोकलं आणि त्याच्या तोंडासमोर पोकळ केली. ज्याची स्टेप चोरली त्याच्याच पायाशी ती करायची, याहून मोठा अपमान आमच्यात नाही. मला माहीत होतं, म्हणूनच केला. कान जमिनीला होता.

अयाजनं पायातली चप्पल सरकवली. आत आला आणि दोन्ही हात लांब करून असे आपटले की आवाज छतापर्यंत गेला. एकदा, दोनदा, तीनदा. "किसकू पूछके ली?" ओरडला तो. "बोल! पाच साल हो गए, एक फोन करते नै आया तेरेकू? मेरे हाथ की चीज थी वो! वो सर कौन उसको नाम रखनेवाला?" मग नाचला. चाळिशीकडं झुकलेला माणूस, गुडघे कामानं खराब झालेले, पण त्यानं मला धुऊन काढलं. मी पुन्हा उतरले, तो पुन्हा उतरला. तीन फेऱ्या मी हरले. नवी पोरं तोंडाचा आ करून बघत होती आणि मी घामाघूम, रडत होते की भांडत होते ते माझं मला कळत नव्हतं.

जुळवलेली उत्तरं मी कुणालाच दिली नाहीत. धाप लागलेली असताना फक्त म्हटलं, "चुकलं माझं. आता मागते. पोकळ देतो का?"

अयाजनं तोंड पुसलं. "नाय."

"का?"

"नाय देत. जा."

संध्याकाळी फुलंब्रीला गेले. सत्काराचा फोटो माझ्याआधी गावात पोचला होता. अप्पांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली आणि इतक्या वर्षांनी बोलले, "शाल दिली म्हणं तुला." मी म्हटलं, "अप्पा, ती स्टेप माझी नाय, चोरलेली हाय. अयाजची हाय." ते म्हणाले, "असू दे. कुणाला काय कळतंय?" आई आतून बशीत चिवडा घेऊन आली, चमचा टाकून. आमच्या घरात चिवड्याला चमचा फक्त बाहेरच्यांना देतात. अयाजबरोबर नाचले म्हणून बोलणं टाकलं होतं आणि शालीचा फोटो बघून पुन्हा बोलायला लागले, आणि चोरी सांगितली तर ती त्यांना चालली. मी चिवडा खाल्ला नाही. आईचं सांगणं मोडून त्या दिवशी अप्पांशी भांडले, चांगलं तासभर भांडले. शेजारी ऐकत होते.

पुण्यात येऊन सरांना सांगितलं की ही स्टेप मी शिकवणार नाही. सर म्हणाले, खाली त्याचं क्रेडिट टाकू, एवढं काय त्यात. मी म्हटलं, क्रेडिट नको, ती क्लिपच काढा. त्यांनी काढली नाही, मला मात्र लहान मुलांच्या बॅचवर टाकलं. डेक्कन ड्रॉप आता दुसरीच एक मुलगी शिकवते. तिच्याशीही भांडण झालंय माझं.

महिन्यातून एक रविवार मी क्रांती चौकात उतरते. तिथून उस्मानपुऱ्याला, गोलात. सगळ्यांसमोर अयाजकडं पोकळ मागते आणि तो सगळ्यांसमोर नाही म्हणतो. गेल्या वेळी तर मान पण वर केली नाही, बोटाची पट्टी गुंडाळता गुंडाळताच "नाय" म्हणाला. परतीच्या गाडीत मी त्याच्यावर जाम चिडलेली असते. पुण्यात पोचेपर्यंत पुढच्या महिन्यातल्या रविवारचं तिकीट काढून झालेलं असतं. तुम्ही विचाराल की आता घर कुठलं. तोच गोल. पाहुण्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही.