नागोरावांची टिचकी

बोथच्या बाजारात नागोरावांचं भांड्यांचं दुकान होतं, पण नाव होतं ते त्यांच्या टिचकीचं. वडील मुधोळहून येताना ही विद्या घेऊन आले होते. चिनी मातीचं भांडं तीन बोटांवर पेलायचं, काठावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. धड भांडं खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द. लोक त्या टिचकीवर डोळे मिटून विश्वास ठेवत. त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. भांड्याला बाजूनं हळूच करंगळी टेकवली की धड भांडंही बद्दच वाजतं.

एक्याण्णव साली रुपया घसरला, भाव कडाडले, स्टीलला गिऱ्हाईक मिळेना. अशात हैदराबादचा एक व्यापारी सांगून गेला, की पैशावरचा भरवसा उडालेली बडी माणसं जुनी इंग्लिश चिनी मातीची भांडी जमवू लागली आहेत. दिसेल ते घेऊन ठेवा, दिवाळीनंतर येतो. त्याच आठवड्यात बाजारहत्नूरची मनकर्णा निळ्या फुलांचा वाडगा बदलायला घेऊन आली. तिची सासू निजामाच्या काळात जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायची, तिथून मिळालेला. माती चिनी, बुडाला शिक्का इंग्लंडचा आणि नांदत होता बाजारहत्नूरच्या फळीवर! नागोरावांची करंगळी टेकली.

"तडकला हाय, बाई."

वाडग्याच्या बदल्यात मनकर्णाला स्टीलचा एक लहानसा डबा मिळाला, तोही उपकार केल्यासारखा. वाडगा पेटीत गेला. नागोरावांना तेव्हा काही वाटलं नाही, हे त्यांना पुढे फार लागलं.

चार महिन्यांनी, व्यापारी यायच्या आधीच, ऐन बाजाराच्या दिवशी, मनकर्णा पुन्हा आली. पदराखालून तिनं तशाच निळ्या फुलांची बशी काढली.

"भाऊ, फुटका वाडगा देऊन मी तुमाले फसवलं. मनाले लय लागून राह्यलं. हे त्याच्याखालची बशी. हे तरी धड हाय, ठेवा."

नागोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राहू द्या, बाई."

"नाई. सुनेनं केलं, मलेच भरून द्या लागन. वाडगा पंचफुलाच घासे. तिनंच तडकवला अन कबूल करत नाई. लबाड कुठली! तवापासून बोलत नाई मी तिच्यासंगं."

आपण एका बाईला एका वाडग्यापुरतं फसवलं, एवढाच नागोरावांचा हिशेब होता. न पाहिलेल्या एका मुलीला आपण तिच्याच घरात चोर करून ठेवलं, हे ऐकून त्यांना स्वतःची किळस आली. तोंडानं सांगायची छाती होईना. त्यांनी पेटीतून वाडगा काढला, करंगळी लांब ठेवली आणि टिचकी मारली. नाद दुकानभर घुमला.

मनकर्णा हरखली. "बाई बाई! सांदून आनला काय तुमी? कुठं भेटला असा कारागीर?"

नुसती मान डोलावली असती तरी भागत होतं. नागोरावांची मान हललीही, पण आडवी.

"तडकलाच नव्हता तो, बाई. मी करंगळी लावली होती."

कशी लावली, तेही त्यांनी दाखवलं. मनकर्णानं बशी पुन्हा पदराखाली घेतली.

"मले काऊन सांगता? पंचफुलेले सांगा."

नागोरावांनी वाडगा फडक्यात गुंडाळला, भर बाजारात दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्यामागून बसस्टँडकडे निघाले. वाटेत ती एकदाच बोलली.

"चार महिने पोरगी एकटीच जेवून राह्यली."