धाडणाऱ्याचं नाव

बेल्याच्या बसथांब्यावर बाबांनी माझ्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी दिली. हैदराबादच्या मामांसाठी वानोळा. मी पहिल्या नोकरीवर निघालेलो आणि यांना काळजी पिशवीची. "सांगजो, बेल्याच्या भाऊजीनं धाडली. नाव नाई सांगतलं त वानोळा कायचा?" बस हलली तरी खिडकीखालून तेच चाललेलं.

हैदराबादेत माझं काम असं: लोकांची मागणी आधी पुढच्या वेब सर्व्हरवर येते, तो ती मागच्या जावाच्या सर्व्हरकडे पोचवतो. या दोघांना जोडायचं कसं, यावर एकदा बैठक झाली. साधा एचटीटीपी प्रॉक्सी लावला, तर मागच्याला वाटतं सगळं पुढच्यानंच पाठवलं. मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता आठवणीनं जोडावा लागतो. एजेपी नावाच्या जुन्या पद्धतीत तो आपसूक सोबत जातो. मी एजेपीसाठी हट्ट धरला. टीम लीड हसला. "किदर से आया, क्या करना रे? काम हुआ ना, बस." सोपं म्हणून एचटीटीपी ठरलं. मी मुकाट्यानं पत्ता जोडायची ओळ लिहिली आणि मागच्या सर्व्हरला ती वाचायला लावली. तिथं तेवढ्यात भागलं.

घरी नाही भागलं. बाबांचा चष्मा, कानाचं यंत्र, गुडघ्याचा पट्टा, सगळं मी पाठवतो, पण धाकट्या भावाच्या, गजूच्या नावावर. कुरिअरवाल्याचा फोन बाबांना ऐकू येत नाही. गजू वस्तू बाबांच्या हातात ठेवतो आणि शेतावर जातो. एकदा मी त्याला विचारलं, माझं नाव काऊन सांगत नाहीस? म्हणाला, "बाबा इचारतच नाईत, दादा." वानोळ्याला नाव मागणारा माणूस विचारत नाही! हे मला अजून पटलेलं नाही, आणि गजूचा राग येतो तो येतोच.

यंदा थंडीत गेलो. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडलेत, त्यांना गावची पहिली रात्र ठाऊक आहे. आपलं अंथरूण पाहुण्याचं असतं. बाबांनी अंगावरची लोकरी शाल काढून मला दिली. दिवाळीला मी पाठवलेली.

"घे, पांघर. गजूनं आनली. लय करते पोरगं माह्यं. तू कामात रायतं, तुले कुठी टाईम?"

गजू समोरच जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. बोललो असतो तर बाबांनी त्याच्याकडे पाहिलं असतं, आणि उद्यापासून त्यालाच त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "गजूची निवड चांगली आहे."

घर आता माझ्यासाठी एवढंच उरलंय. माझं सगळं तिथं पोचतं, मी सोडून.