माती सोडायची नाही

एका कुस्तीपायी मी माझ्या जोडीदाराशी दहा वर्षं बोललो नाही. जोडीदार म्हणजे तालमीतला, रोज पहाटे ज्याच्या अंगावर मी डाव शिकलो तो. तो राजुऱ्याकडचा. लहानपणापासून आमच्या गावात मामाकडे राहायचा. वांकिडीच्या बाजूला आमचं गाव, आणि तेव्हा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता.

मग हैदराबादचं राज्य मोडून वाटणी सुरू झाली. राजुरा मराठी मुलखात जाणार आणि आम्ही तेलुगू राज्यात राहणार, असं पटवाऱ्यानं चावडीवर सांगितलं. तोवर हद्द म्हणजे दोन शेतांमधला धुरा, एवढंच आम्हाला ठाऊक. आमचा कापूस तिकडे विकायचा, सोयरिकी तिकडच्या. तरी वाटणीचं ऐकून गावाला चेव चढला. जोडीदारही आपल्या गावी परतला. यंदाच्या जत्रेत तिकडच्यांना दाखवून द्यायचं ठरलं, आणि दाखवायला मी होतो.

आमच्या जत्रेची रीत जगावेगळी होती. जिंकला त्यानं कुस्तीच्या हौद्यातच उभं राहायचं. पाठ लागेपर्यंत किंवा समोरचे उठणारे संपेपर्यंत माती सोडायची नाही. मधे बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पाणी मागितलं की हरला. पाण्यानं पैलवान ढिला पडतो असं वस्ताद म्हणत. मी त्यांचा लाडका, म्हणजे डोक्यानं जरा कमीच. मला ते पटायचं.

पहिल्या दोन कुस्त्या सहज निघाल्या. तिसरा गडी अंगानं रेड्यासारखा. तो माझ्या पाठीवर बसला आणि मी त्याच्याखाली चारी टेकून किती वेळ तग धरला ते आठवत नाही. शेवटी त्याला उलटवलं. पण नंतर मांड्या आपोआप उडू लागल्या. बोटं आखडत होती, एका हाताची दुसऱ्या हातानं सरळ करावी लागत होती. लोकांना वाटलं, शड्डू ठोकायला मी हात चोळतोय. वस्तादांनी पाठीवर मूठभर माती टाकली आणि म्हणाले, अजून एक.

समोरून माझा जोडीदार उठला. मला हायसं वाटलं. आपला माणूस, खडाखडी लांबवेल, कुस्ती बरोबरीत सुटेल. त्यानं माझ्या मांडीला हात घातला, क्षणभर थांबला, आणि पापणी लवायच्या आत पट काढून मला चीत केलं. तिकडचा ढोल वाजला. त्यानं उठवायला हात दिला, तो मी झटकला.

"घरी जाय. पानी पी," तो हळूच म्हणाला. मला वाटलं डिवचतो आहे.

संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. आईनं उन्हाळी लागली म्हणून धने भिजवलेलं पाणी तांब्यांनी पाजलं. त्या पाण्यानंच मी वाचलो असेन, पण तिनं श्रेय धन्यांना दिलं. सकाळी वस्ताद आले. अंगात गाठी धरल्यात, बैठका मारून मोड, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच बैठकीला मी खाली बसलो तो उठलोच नाही. आठ दिवस आईनं मला घास भरवले. जोडीदार दोनदा विचारपूस करायला आला. दोन्ही वेळा मी झोपलोय असं आईला सांगायला लावलं.

पुढे तालीम सुटली आणि मी बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत लागलो. तिथे एकदा छत कोसळून एका कामगाराचे पाय बराच वेळ ढिगाखाली अडकले. बाहेर काढला तेव्हा हसून बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी काळी झाली, मग बंद झाली, आणि तो गेला. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मोडक्या हिंदीत समजावलं: मांस चेचलं की त्यातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. मी माझी जत्रा सांगितली. अतिश्रमानंही मांस तसंच फाटतं, म्हणाले. त्यातून पाणी नाही. आणखी एक कुस्ती लांबली असती तर तुम्ही इथे उभे नसता.

पुढच्या सुटीत मी थेट जोडीदाराच्या गावी गेलो. तो अंगणात कापूस निवडत होता. मला बघून उठला, बाज टाकली. मी न बसताच विचारलं, मले पाडलं काऊन?

"तुही मांडी हातात आली तं लाकडावानी लागली," तो म्हणाला. "माहा काका असाच गेला होता, लागोपाठ कुस्त्या करून. तू माती सोडनार नव्हता. पाडल्याबिगर तुले बाहेर कसं काढाव?"

मला तोंड वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तू कुस्ती सोडलीस असं ऐकलं, ती का.

"थकलेल्याले पाडनारा, असं नाव पडलं माहं. मंग कोनी जोडच धरेना."

ते नाव मी पाडलं होतं. हातपाय हलू लागल्यावर पहिलं काम तेच केलं होतं, पारावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्याला ते ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं घरात हाक मारून सांगितलं, दोन भाकरी जास्त टाक.