दावणीजवळ घेतलेला जबाब

ती घटना आठवली की आधी गाईंचे दात डोळ्यांसमोर येतात. खडूसारखे पांढुरके, मधे तपकिरी डाग, काही निम्म्यापर्यंत झिजलेले.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नाव न सांगता कुणीतरी फोन केला : एका मेंढपाळाने शेतकऱ्याच्या गाईंना विष घातले आहे. पाठोपाठ शेतकऱ्याची लेखी तक्रार आली. दोन गाई मेल्या होत्या, उरलेल्या लंगडत होत्या. वैराचे कारण गावाला ठाऊक होते. लेंडीखतासाठी शेतात रात्री मेंढरे बसवतात, त्याचा मोबदला मेंढपाळाला मिळतो. यंदा शेतकऱ्याने या मेंढपाळाशी ठरलेली बोलणी मोडून दुसऱ्याचा कळप बसवला होता.

मेंढपाळाला ठाण्यात आणले. तो बसायला तयार नव्हता.

"भांडण झालं का न्हाई?" हवालदारांनी विचारले.

"झालं की. मालकासंगं झालं, गाईसंगं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, आत टाकायचं तर टाका. पर कळपाजवळ म्हातारी एकटी हाय, अन् लांडगं लागल्यात."

बाहेर गावकरी अटकेसाठी थांबले होते. मी त्याला बसवून ठेवले आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊन पंचनाम्याला गेलो. त्यांनी गाईंचे पाय चाचपले, दात पाहिले. म्हणाले, हे एका दिवसाचे विष नव्हे. कित्येक महिने पोटात काहीतरी जाते आहे.

तक्रारीत वैऱ्याचे नाव होते. गाईंना खायला घालणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. मी पंचांसमोर ते विचारले. शेतकऱ्याने बायकोकडे बोट केले.

"ताई, पेंडीत काय घालता?"

"गाई हाडं चघळत हुत्या. डॉक्टर म्हनले, फॉस्फरस कमी हाय, खनिज मिश्रण घाला. ते संपलं. मग ह्या पोत्यावर बी फॉस्फरसच लिवलंय, म्हनून ह्येच घालती. रोज एक मूठ."

पोते सुपर फॉस्फेटचे होते, उसाला टाकायच्या खताचे. डॉक्टरांनी समजावले की ज्या दगडापासून हे खत होते, त्यात फ्लोराईड असते. जनावरांच्या मिश्रणासाठी ते काढून टाकतात, शेतीच्या खतातून नाही. ते हाडांत आणि दातांत साठत जाते.

"लंगडाय लागल्या, तवा मी दोन मुठी केल्या," ती म्हणाली.

मी जबाब लिहिला, तिने सही केली. डॉक्टरांनी नव्या मिश्रणाची चिठ्ठी दिली, ती तिने नवऱ्यापुढे धरली.

"आता तुमी घाला. माझ्या हातनं नगं."

"माझ्या हातनं कवा खाल्लंय त्यांनी?" तो म्हणाला आणि पोते उचलून बाहेर नेले.

मेंढपाळाला त्याच दुपारी सोडले. चहाला न थांबता तो कळपाकडे चालू लागला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यातही फ्लोराईडच निघाले. गुन्हा दाखल झाला नाही.

विषाची तक्रार आली की आम्ही वैर शोधतो. त्यानंतरच्या नोकरीत मी आधी विचारत असे, खायला कोण घालते? मात्र हा प्रश्न मी पुन्हा कधी चारचौघांत विचारला नाही.