वनिताबाईंना नाकारलेला अहवाल

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — पत्नीपाशी नाही, कोर्टाच्या बाररूममधल्या वकील स्नेह्यांपाशी नाही. आज तुमच्यापाशी बोलतो आहे, कारण या प्रकरणात माझ्याविषयी यवतमाळात दोन हकीकती फिरतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. चुकीचे विधान मला खपत नाही. मग ते माझ्या बाजूचे का असेना.

पहिली हकीकत माझ्या विरोधकांची — म्हणे मी फवारणीच्या औषधाच्या कंपनीकडून पाकीट घेतले. साफ खोटे. त्यांचा चहासुद्धा मी घेतला नाही. दुसरी माझ्या शिष्यांची. माझ्या सत्कारात एकाने ती माइकवरून सांगितली: वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता राखण्यासाठी सरांनी सगळ्या गावाचा रोष पत्करला. टाळ्या पडल्या. मी शाल सावरीत बसून राहिलो. कसली गोपनीयता? आणि राखली ती कोणासाठी?

कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून लोक दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारीत, आणि फवारणारे मजूर दवाखान्यात भरती होत. राळेगावकडच्या एका खेड्यात रोजाने फवारणीला जाणारा मारोती असाच गेला. गावाने मात्र परस्पर निकाल देऊन टाकला — घरी बायकोशी भांडण झाले, म्हणून त्याने औषध पिऊन घेतले. त्याची बायको वनिता. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी ठेवून घेतली.

मी ज्या सरकारी कार्यालयाचा विधी सल्लागार होतो, त्याच्या पथकाने या मृत्यूची चौकशी करून अहवाल लिहिला होता. वनिताबाईंनी माहितीच्या अधिकारात तो मागितला. कार्यालय हादरले, कारण अहवालात नमूद होते की ज्या दुकानातून ते औषध विकले गेले, त्याची तपासणी आमच्याच लोकांनी केली नव्हती. अधिकाऱ्याने मला एवढेच विचारले, "काही करता येते काय, वकीलसाहेब?" त्याने दबाव आणला नाही. आणला असता, तर मी भांडलो असतो. माझा स्वभाव तुम्ही ओळखलाच असेल. त्याने फक्त विचारले — आणि मला युक्ती सुचली.

आमच्या धंद्यात एक रीत होती. अडचणीचा कागद वकिलाच्या अभिप्रायाला परिशिष्ट म्हणून जोडायचा. अभिप्राय गोपनीय, म्हणून त्याच्या पोटातला कागदही गोपनीय! ही रीत कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक नव्हते काय? वकिलाच्या टेबलावर ठेवल्याने वस्तुस्थिती गुपित होत नसते. शिवाय कायदा स्वतःच सांगतो की सार्वजनिक हित मोठे असेल तर गोपनीयही खुले करा. निदान देता येण्यासारखा भाग वेगळा काढून द्या. हे मी नव्या वकिलांना शिकवीत आलो होतो.

पण एवढ्याने भागणार नव्हते. अर्ज आधी आला होता आणि माझा अभिप्राय अस्तित्वातच नव्हता. मग मी — थांबतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल — मग मी तो त्याच दुपारी लिहिला, अहवाल त्याला जोडला आणि वर मागील महिन्याची तारीख घातली. माझ्या हाताने.

त्या कागदाच्या आधारे अर्ज फेटाळला गेला. कार्यालयातल्याच वरिष्ठांपुढे अपिलाची सुनावणी झाली, तिला वनिताबाई एकट्याच आल्या. वकील नव्हता. त्या म्हणाल्या, "मले मदत-बिदत नाई पाहिजे, साहेब. त्यायनं दवाई पेली, का फवारता फवारता गेले — तेवढंच सांगा. माही पोरगी मले पाहून दार लावते."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, माहीत असणे निराळे आणि सांगता येणे निराळे." कारकून गालात हसला. मला ते वाक्य आवडले होते.

"मंग कायदा लयच मोठा दिसते," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. पुढे माहिती आयोगाकडे त्यांनी अपील केले नाही.

अहवालात काय होते? मारोतीच्या पाठीवरचा पंप गळत होता. पाठीपासून कमरेपर्यंत सदरा औषधाने भिजलेला होता. विष तोंडावाटे गेल्याची कोणतीही खूण डॉक्टरांना आढळली नव्हती. तो काम करता करता गेला. बायकोच्या भांडणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे वाचल्यावरच मी तारीख घातली, न वाचता नव्हे.

काही वर्षांनी राळेगावच्या बसस्थानकावर वनिताबाई दिसल्या. मी तोंड फिरवणार, तोच त्यांनी पुढे येऊन नमस्कार केला. मी मुलीची चौकशी केली — काहीतरी विचारायचे म्हणून.

"लगन झालं तिचं. मले बलावलं नाई." मग सोबतच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "हे तेच वकीलसाहेब, वं. यायचा काई दोष नाई. कायदाच तसा हाय, त्याले हे तरी काय करतीन?"

त्या वेळी आमच्यात ना कार्यालय होते, ना अशील. एक वाक्य पुरले असते. आयुष्यभर समोरच्याचे चुकीचे विधान मी कधी खोडल्यावाचून सोडले नाही, न्यायाधीशांचेसुद्धा. वनिताबाईंचे ते विधान मी मान डोलावून ऐकून घेतले आणि यवतमाळच्या बसमध्ये चढलो.